बर्फाच्या घराचं छत

रविवार संध्याकाळ, केंब्रिज

बॅकयार्डातल्या बर्फाच्या घराची खरी किंमत: माझी कंबर, सूनबाईचा अबोला आणि नातीचं, मीराचं, रडणं.

बर्फाचा ढीग पोखरून मी वरून पाणी मारलं, स्लॅबवर मारतात तसं. मुलगा हसला, "बाबा, इट्स स्नो! काँक्रीट नाही."

"गप रे, जन्मभर स्लॅब टाकलेत. माझं एकही छत पडलेलं नाही."

मीरा आत शिरली. तेवढ्यात कुर्र आवाज आला, मलाच ऐकू आला. पाय धरून तिला बाहेर ओढलं आणि छत खाली बसलं.

पोर ठीक आहे. पण तो कुर्र आवाज पाणी मारतानाही आला होता. मग तेव्हाच का नाही थांबलो? मुलगा हसला म्हणून?

मीराने उद्याचं घर बांधायला तिच्या बाबाला सांगितलंय.