हजेरीला न वाजलेली चाल

मास्तर,

तुमची ती चाल सापडली. यात्रेत देवापुढं वाजवायच्या हजेरीसाठी तुम्ही बांधलेली, अख्खा फाल्गुन कांद्याच्या रिकाम्या वखारीत घोटून घेतलेली, आणि शेवटी तुमच्या बँडनं कुठंच न वाजवलेली, तीच. तुम्हाला जाऊन तीसेक वर्षं झाली, तेव्हा मी कोण हे आधी सांगतो. पारनेरला एस.टी. स्टँडसमोर ज्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तो मी. आता तिथं माझा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो आणि मी मागच्या खोलीत जुन्या कॅसेटी घेऊन बसतो. म्हाताऱ्याचा वेळ बरा जातो असं घरच्यांना वाटतं. खरं म्हणजे त्या खोलीत मला कुणी काही विचारत नाही, म्हणून मी तिथं बसतो.

तुमच्या बँडचं मला वेड होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि निम्म्या तालुक्यालाही. तुमची सुपारी जिथं असेल तिथं मी सायकल हाणत जायचो. लग्न कुणाचं आहे हे मला पंगतीत बसल्यावर कळायचं, कधीकधी तेव्हाही नाही. माझ्या स्वतःच्या लग्नाची तारीखसुद्धा तुम्ही कधी मोकळे आहात ते बघून धरली होती, आणि परण्याच्या वेळी मी घोड्यावर जवळजवळ उलटा बसलो होतो, कारण तुम्ही मागं होता. बायको अजून टोमणा मारते, की तिचा नवरा बँडबरोबर नांदायला गेला. ती गमतीनं म्हणते, पण त्या वयात तसंच होतं. तुमचं क्लॅरनेट चढायला लागलं, की मला दुकान, घर, काही म्हणजे काही आठवायचं नाही.

एका पावसाळ्यात मी तुमच्याकडं शिकायलाही आलो होतो. दीड महिना तुम्ही सोसलं. मग एका दुपारी माझ्या हातातून क्लॅरनेट काढून घेतलं आणि धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणालात, "तुजी फुंक लोहाराच्या भात्याची हाय. ह्याचा नाद सोड." सगळे हसले. मी उठून चपला शोधायला लागलो, तेव्हा तुम्ही हाक मारलीत. "आरं, वाजवनारे मला गावोगाव मिळत्यात. कान दिऊन ऐकनारा न्हाई मिळत. तू वखारीत येत जा." बाहेरच्या माणसाला वखारीत यायची मुभा नव्हती. तुमच्या बायकोलासुद्धा चहाची किटली दारात ठेवून परत जावं लागायचं. दरवर्षी यात्रेसाठी एक नवी चाल बांधायची, ती आधी देवाला हजेरीत ऐकवायची आणि मगच लग्नावरातीत वाजवायची, असा तुमचा नेम. तोवर ती कुणी शिट्टीवरसुद्धा बाहेर न्यायची नाही. देवाच्या आधी दुसऱ्याच्या कानावर गेली, की ती उष्टी झाली, असं तुम्ही म्हणायचात. आणि त्या वखारीत, देवाच्याही आधी, तुम्ही मला बसवलंत. एवढा मान मला पुढं कुणी दिला नाही, आणि मी त्याची काय माती केली ते आता सांगतो.

त्या वर्षीची चाल ऐकून मी हरखून गेलो होतो. सुरुवात तुमच्या भाच्याच्या ट्रंपेटवर होती, एकट्याची, आणि मग तुमचं क्लॅरनेट हळूच खालून येऊन तिला उचलून घ्यायचं. रात्रंदिवस तीच डोक्यात. आपण विसरलो तर, अशी मला भीती वाटायला लागली, आणि विसरू नये म्हणून मी ती चोरली. शेवटच्या तालमीला एका गिऱ्हाइकाचा टेप पोचवायचा आहे असं सांगून पोत्यात गुंडाळलेलं मशीन मी वखारीत आणलं आणि गोण्यांच्या थप्पीमागं ठेवलं. तुम्ही बघितलंत, पण काही विचारलं नाहीत. माझ्यावर संशय घ्यायचं तुमच्या मनातही आलं नसणार. दुकानात येऊन मी कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून लिहिलं, 'मास्तर, नवी चाल. कुणाला देऊ नये.' आणि कॅसेटच्या पाठीवरची खिट्टी मोडून टाकली, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये.

चार दिवसांनी शेजारच्या गावच्या बँडचा क्लॅरनेटवाला रेडिओ घेऊन दुकानात आला. यात्रेत तुमच्याशी चढाओढ करणारा तोच बँड. रेडिओ उघडता उघडता बोलणं बँडवर गेलं आणि तो म्हणाला, "तुमचा मास्तर आता थकला. नवं काय सुचतंय त्याला?" मला राग आला. त्याला गप्प करावं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी टेप लावला. तो स्टुलावर बसून ऐकत राहिला. दुसऱ्यांदा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. त्याचं तोंड उतरलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू. जाताना त्यानं एका दिवसासाठी कॅसेट मागितली. "घरी पोरांना ऐकवतो. असं वाजवनारा मानूस हाय म्हनून सांगतो." आणि मी दिली, मास्तर. 'कुणाला देऊ नये' लिहिलेली कॅसेट मी त्याच्या हातात ठेवली, वर पिशवीही दिली. पैसे नाहीत, धमकी नाही, काही नाही. माझा मास्तर किती मोठा आहे हे शत्रूनं कबूल करावं, एवढीच हौस.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मी लिहितो, कारण ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. हजेरीची सकाळ. देवळासमोर गुलालाचा चिखल झालेला. बाहेरगावचे बँड आधी वाजवणार आणि गावचा बँड, म्हणजे तुम्ही, शेवटी, हा तुमचा मान. शेजारच्या गावाचे लोक उभे राहतात आणि त्यांच्या ट्रंपेटवर आपली चाल सुरू होते. घाईघाईत वाजवतात, मधल्या दोन जागा चुकतात, पण आपलीच. मी तुमच्याकडं बघतो. तुम्ही ओठाशी नेलेलं क्लॅरनेट खाली घेता आणि एकेका माणसाकडं बघत जाता. बारा जणांकडं. तेराव्या माणसाकडं, म्हणजे माझ्याकडं, तुमची नजर येते आणि न थांबता पुढं जाते. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही रोजची आरती वाजवलीत. लोकांना काही कळलं नाही. यंदा मास्तरनं नवीन काही आणलं नाही, असं म्हणत ते नारळ फोडायला गेले.

गर्दी ओसरल्यावर तुम्ही सगळ्यांना देवळात नेलंत आणि शपथेला बेल-भंडारा उचलायला सांगितलंत. एकेक जण पुढं आला, भंडारा उचलून 'मी न्हाई' म्हणाला आणि बाजूला झाला. भाच्याची सासुरवाडी नेमकी त्या शेजारच्या गावातली. त्याची पाळी आली तेव्हा सगळे जरा जास्तच गप्प झाले, आणि ते त्याला कळलं. तो म्हणाला, "मामा, बाकीच्यांकडं बगताना तुमी खाली बगत हुता. माझ्याकडं मान वर करून बगताय. मी भंडारा उचलनार न्हाई." तुम्ही दोनदा सांगितलंत. त्यानं ट्रंपेट पायरीवर ठेवलं आणि तो निघून गेला. त्याच्या मागं मी उभा होतो. मी पुढं झालो. मी उचलून खोटं बोललो असतो, की उचलायच्या आधी खरं बोललो असतो, हे मला आजही सांगता येत नाही, कारण तुम्ही हात आडवा धरलात. "तू कशाला? तू वाजवनारा न्हाईस. बाजूला हो." मी बाजूला झालो.

मला सुटल्यासारखं वाटलं. तेच खरं आहे. भाचा गेला, पुढं साखर कारखान्यावर वॉचमन झाला, ट्रंपेटला त्यानं परत हात लावला नाही. त्या दिवाळीपासून तुमची बहीण भाऊबिजेला आली नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तुमच्या तिरडीपुढं बँड वाजला, तेव्हा भाचा लोकांच्या मागून रिकाम्या हातांनी चालत होता. मी त्याच्या शेजारून चाललो. गावातल्या प्रत्येकाला तो चोर वाटत होता आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धीर देत होतो. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी कॅसेट दिल्याचीही वाटत नाही.

तुमच्यानंतर बँड मोडला. बँजो आला, मग डीजे. मी मात्र तुमचं वाजवणं गोळा करत सुटलो. कुणाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मागं तुम्ही ऐकू येता, कुणाच्या व्हिडिओत वरातीचे चार क्षण आहेत, असं करत करत नगरपासून अकोल्यापर्यंत घरं पालथी घातली. आता जुन्या बँडच्या शौकिनांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि मी त्याचा म्होरक्या आहे. माझा एक नियम आहे, की सापडलेल्या आवाजातला एक क्षणही कापायचा नाही, खोकला असला तरी राहू द्यायचा. पुण्याची शिकलेली मुलं येऊन माझ्या मुलाखती घेतात. सगळ्यांना एकच हवं असतं, मास्तरांची ती न वाजलेली चाल. मी म्हणतो, तीच तर शोधतोय. ते म्हणतात, काका, चाहता असावा तर असा. मी चहा सांगतो. त्या क्लॅरनेटवाल्याच्या घरी मी इतक्या वर्षांत चार वेळा गेलो, आणि चारही वेळा त्यानं दारातूनच 'हरवली' म्हणून सांगितलं. मी वेडापायी ती शोधत होतो, की माझ्या अक्षरातली ती चिठ्ठी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

तोही गेल्या वर्षी वारला. मागच्या महिन्यात त्याच्या सुनेनं घर आवरताना फोन केला, की मामंजींच्या पेटीत कॅसेटी आहेत, तुम्हाला लागतात का. मी स्कूटरवरून गेलो. वरून तिसरीच कॅसेट ती. फितीवर बुरशी होती, ती पुसली, फीत दाबून धरणारा आतला नमदा बदलला आणि दार लावून घेऊन लावली. आधी माझाच आवाज आला. दबक्या आवाजात, "हां, झाला चालू." मग पोतं सरकल्याची खरखर, आणि मग ट्रंपेट. मास्तर, ते काय वाजवलंय. मी रडलो. चाल संपल्यावर तुम्ही बोललेलं होतं, तेही भरलं गेलंय. "आता लागलं बग, भाच्या. हजेरीला सुरवात तूच कर."

दुसऱ्या दिवशी मी कॅसेटच्या पाठीवरच्या त्या भोकावर चिकटपट्टी लावली. तेवढं केलं की परत त्यावर भरता येतं. आणि सुरुवातीचे ते तीन शब्द पुसून टाकले. कॅसेटच्या अंगावरची माझी चिठ्ठीही ओल्या फडक्यानं काढली. मग ती घेऊन तुमच्या भाच्याकडं गेलो. तो आता सत्तरीला टेकलाय, कारखान्याजवळ दोन खोल्यांत राहतो. त्याला काही न सांगता टेप लावला. पहिल्या सुरालाच त्याची तीन बोटं गुडघ्यावर हलायला लागली. तुमचा आवाज आला तेव्हा तो म्हणाला, "परत लाव." चार वेळा लावायला सांगितलं. मग बायकोला आतून हाक मारली, "ये, ऐक, मामा काय म्हनल्ता ते ऐक. मी सांगायचो तर तुला खोटं वाटायचं." ती पदर तोंडाला लावून दारात उभी राहिली. तिच्या माहेराला लागलेला डाग तिनं इतकी वर्षं याच घरात सोसलाय.

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेंगोळे केले होते. जेवताना त्यानं विचारलं, "हे भरलं हुतं कुनी?" मी म्हणालो, कळायला मार्ग नाही. तो ताटाकडं बघत म्हणाला, "ज्यानं भरलं त्याचे पाय धरावं असं वाटतंय. आन ज्यानं त्या गावाला दिलं त्याचं तोंड बी बगू न्हाई." ती दोन्ही माणसं त्याच्यासमोर बसून शेंगोळे ओरपत होती. त्याच्या बायकोनं आग्रह करून मला आणखी वाढलं आणि मी ते खाल्लं.

तेव्हापासून मी लिहायला बसतोय. हे पत्र मी खरं तर भाच्याला लिहायला घेतलं होतं. तो आहे, वाचू शकतो, आणि माझ्या घरापासून अर्ध्या तासावर राहतो. तीन दिवस मी त्याच्या नावानं पहिली ओळ लिहिली आणि तीन दिवस कागद फाडला. मग वर 'मास्तर' लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठं नेऊन द्यावं लागत नाही.