सरासरी एकोणीस अंश

३ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. आपलं मोठेपण आपणच लिहून ठेवलेलं बरं, लोकांच्या भरवशावर राहू नये. साथरोग कक्षात सतरा वर्षं लिपिक होतो. काल 'हवामान आणि साथीचे आजार' असं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि आज ऑर्डर निघाली. आता मी हवामान समन्वयक. पगार तोच. सर्टिफिकेट लॅमिनेशनला टाकलं.

शिकलो ते थोडक्यात : उकाडा आणि साचलेलं पाणी असलं की डास फोफावतात, मागोमाग डेंगी. आठवड्याची सरासरी वीस अंशांच्या खाली गेली की डास मंदावतात, मग फवारणी थांबवता येते. थांबवायची कोणी? समन्वयकाने. माझ्या सहीशिवाय स्टोअरमधून औषधाचा थेंब हलणार नाही.

संकल्प : पाचला उठणे. चहा दिवसाला दोनच.

४ सप्टेंबर, सकाळी ८.४०
उठायला उशीर झाला. पहिला दिवस धरू नये.

थर्मामीटर आलं. कागदावर सूचना : सावलीत लावावे, ऊन-पावसापासून जपावे. दुसरं पान बारीक अक्षरात होतं, ते फाइलला लावलं. ऑफिसपेक्षा जास्त सावली कुठे मिळणार? माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर ठोकलं. बरोबर वर एसी आहे, त्यामुळे धूळही बसत नाही. पहिली नोंद : एकोणीस अंश. हाताला यश आहे म्हणतात ते हेच.

८ सप्टेंबर, सोमवार
मुकादम आला. फवारणीची दहा माणसं त्याच्या हाताखाली. म्हणाला, भाऊसाहेब, गोदामामागच्या वस्तीत चला एकदा, पाऊस उघडून ऊन पडलंय, पिंपापिंपात अळ्या वळवळताहेत. मी त्याला आलेख दाखवला. सरासरी एकोणीस. तो आलेखाकडे न बघता माझ्या स्वेटरकडे बघत राहिला. स्वतः घामाने निथळत होता. प्रकृती तपासून घे म्हणालो.

सही केली नाही.

चहा : पाच. पाहुण्यांबरोबरचे मोजत नाही.

११ सप्टेंबर
दवाखान्यातून डॉक्टरबाईंचा फोन. आठवड्यात तापाचे सात पेशंट. म्हणाल्या, अशी ऊन-पावसाची फिरती हवा सगळ्यात वाईट, पाऊस थांबला की लोक पाणी साठवतात आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. बाई हुशार आहेत, पण त्यांचं शिक्षण जुनं. ट्रेनिंगला बोलावलंच नव्हतं त्यांना.

घरी येताना जीव गुदमरला. स्वेटर भलताच उबदार निघाला.

१४ सप्टेंबर, रविवार
ही म्हणते गॅलरीतलं पिंप रिकामं करून घासा, दिवसाढवळ्या डास चावतात. समजावलं की या तापमानात डासाला पंख हलवणंही जड जातं. तिने पायावरच्या गांधी दाखवल्या. म्हटलं, उष्णता असेल. तर म्हणाली, कसली उष्णता, एकोणीस अंश ना?

आजकाल हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. पिंप पुढच्या रविवारी.

१५ सप्टेंबर
मुकादम पुन्हा. पुन्हा परत. दारात थांबून म्हणाला, भाऊसाहेब, एकदा बाहेर येऊन बघा तरी. हवामान बाहेर बघून कळत असतं, तर आम्हाला ट्रेनिंग कशाला दिलं असतं?

साहेबांनी स्टोअर तपासलं. औषधाचे डबे सीलबंद. म्हणाले, वा, इतकी बचत या ऑफिसात कधी झाली नव्हती. सगळ्यांसमोर म्हणाले. घरी येऊन हिला दोनदा सांगितलं.

१८ सप्टेंबर
पेशंट एकोणीस. अंशही एकोणीस. योगायोग म्हणायचा.

वर टिपण पाठवलं : चाचण्या जास्त केल्या तर पेशंट जास्त सापडतात, सबब चाचण्यांवर नियंत्रण असावे. भाषा चांगली उतरली आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
पिंप राहिलं. पाठ धरली होती. शिवाय एसीच्या झोताने नाक गळतंय. थंडीचा हा आणखी एक पुरावा. आलेखाखाली टीप म्हणून घालणार.

२५ सप्टेंबर
एक्केचाळीस. त्यातले तेहतीस गोदामामागचे. म्हणजे उरलेल्या गावात फक्त आठ! हे कोणी बघत नाही. पाचला उठणं सोमवारपासून.

२९ सप्टेंबर, सोमवार, सकाळी
ही झोपून आहे. अंग मोडून आलंय म्हणते, डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणते. मोबाइल फार बघते. गोळी देऊन ऑफिसला आलो.

त्याच दिवशी, दुपारी
डॉक्टरबाई स्वतः ऑफिसात आल्या, मागे मुकादम. बाईंनी थर्मामीटर बघितलं. मग मान वर करून एसी बघितला. मग बराच वेळ मला बघितलं. रिमोट मागितला, एसी बंद केला आणि घड्याळ लावून समोर बसल्या. चोवीस. सत्तावीस. तीस. एकतीस.

अर्ध्या तासात बारा अंश! एवढ्या झपाट्याने हवामान बदलल्याची नोंद जगात कोणाकडे नसेल. बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्यापुढचा फवारणीच्या मंजुरीचा कागद ओढून स्वतः सही केली आणि मुकादम तो घेऊन अक्षरशः पळाला. माझ्या अधिकारात ढवळाढवळ झाली आहे. लेखी तक्रार करणार.

१ ऑक्टोबर
हिचा ताप एकशे तीन. रिपोर्ट आला. डेंगी.

तक्रार अर्धी लिहून झाली होती. नंतर बघू.

२ ऑक्टोबर
हिला ॲडमिट केलं. वॉर्ड भरलेला, खाट व्हरांड्यात मिळाली. प्लेटलेट ४८ हजार. घरी जाऊन पिंप ओतलं. तळाशी काय काय वळवळत होतं. मोजायला गेलो आणि सोडून दिलं.

भीती वाटते. साहेबांना फोन केला, त्यांनी उचलला नाही.

४ ऑक्टोबर
प्लेटलेट ३१ हजार. फवारणी चालू आहे म्हणे, घरोघर पाणी ओतून देताहेत. हवा मात्र तशीच. आज थर्मामीटर बघायला गेलो नाही.

६ ऑक्टोबर, दुपारी
प्लेटलेट ४० हजार. चढताहेत. हिने दोन घोट सूप घेतलं, माझ्या हातून नाही, नर्सच्या.

शेजारच्या खाटेवर सात वर्षांची मुलगी आहे, गोदामामागची. पाचवा दिवस. नाकातून रक्त येऊन गेलंय. आई शिवणकाम करते, खाटेशी बसूनही कोणाच्या तरी फ्रॉकला बटणं लावत होती. तिने आपणहून सांगितलं की दर सोमवारी मुकादम वस्तीत यायचा आणि हात हलवत परत जायचा. औषध मिळत नाही म्हणायचा. ऑफिसात कोणी बसलाय म्हणे, तो म्हणतो थंडी पडलीय. म्हणाली, त्या मेल्याला आणा एकदा आमच्या पत्र्याखाली, बघू किती थंडी वाजते ते.

मी म्हणालो, खरं आहे ताई, असतात अशी माणसं.

तिने विचारलं, भाऊ, तुम्ही कुठे असता? मी म्हणालो, शाळेत. काय शिकवता? भूगोल. चांगलं आहे, म्हणाली, पोरीला बरं वाटलं की तिच्याशी दोन शब्द बोला, तिला शाळेची आवड आहे.

मला वाटलं होतं ही झोपली आहे. हिने डोळे उघडले. ताई, शाळेत नाहीत हो ते, म्हणाली. तुम्ही म्हणता तो माणूस हाच.

मुलीच्या आईने गाठ मारून दोरा दाताने तोडला, उठली आणि मुलीच्या मच्छरदाणीची माझ्याकडची बाजू गादीखाली नीट खोचून घेतली.