मायच्या अंगातलं रक्त

जळगाव, ११ नोव्हेंबर २०२४

चि. अभिमन यास मोहिनीअक्काचा आशीर्वाद. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून धुळ्याच्या बसच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी देते. स्टँडसमोरच्या तुझ्या दुकानात तो तुला गाठेल. तिथून कुठं पळशील?

मायला इथं दवाखान्यात ठेवलंय. रक्त तपासलं, तर बाराच्या जागी साडेचारच भरलं. डॉक्टरांनी तिचे गुडघे बघितले नि मलाच झापलं. ब्लेडचे चिरे मोजता येईनात. सात महिने दर अमावास्येला तू तिला त्या तुंबडीवाल्या जीवरामकडं रक्त काढायला नेत होतास, आणि काळं निघालं म्हणून मला फोटो पाठवत होतास. अरे, सांडलेलं रक्त काळंच पडतं. चौथी शिकलेल्या मला कळतं, तुला बी.कॉम. होऊन कळत नाही?

आता दोन बाटल्या चढवायच्यात आणि माय अडून बसलीय. परक्याचं खराब रक्त नको, पोराचं असेल तरच घेईन म्हणते. खराब रक्ताचं खूळ तूच तिच्या डोक्यात घातलंस. तुमचा रक्तगट एकच आहे, तुझ्या लायसनवर लिहिलाय. मिळेल त्या बसनं ये.

सौ. सारिकाला आशीर्वाद. तुझ्यावर लोभ उरलाय तेवढ्यात ये.

मोहिनीअक्का


धुळे, १२ नोव्हेंबर

ती. मोहिनीअक्कास शि. सा. न.

कंडक्टरनं चिठ्ठी गिऱ्हाइकांसमोर दिली, सगळे हसले. तू लहानपणापासून तापट. गुडघे हलके होतात म्हणून मायनंच हट्ट धरला होता. मी भेटायला येतो, पण रक्ताचं तेवढं सांगू नकोस. बाटलीभर गेलं की माणूस खचतो, आणि मला दिवसभर दुकानात उभं राहायचं असतं. मायला तूच समजव. राग सोडून लोभ ठेव.

अभिमन


जळगाव, १३ नोव्हेंबर

अभिमन,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही. एका बाटलीनं तू खचतोस, आणि सत्तरीच्या मायचं रक्त सात महिने फरशीवर सांडलं तेव्हा ती हलकी होत होती?

काल संध्याकाळी तिला धाप लागली. मी रक्तपेढीची बाटली लावायला सांगितली. तिनं विचारलं, "हाई मना आंडोरनं रंगत शे का?" मी म्हणाले, हो, पोराचंच रक्त आहे. मायशी एवढं मोठं खोटं मी कधी बोलले नव्हते. आता ती शेजारच्या खाटेवरच्या खातूनबींना सांगत बसलीय, पोरगा देऊन गेला, थकला असेल म्हणून वर आला नाही.

दुसरी बाटली परवा आहे. आधी खाली रक्तपेढीत जा, मग वर मायसमोर ये. हाताला पट्टी असेल ती मी सोडून बघणार आहे.

पट्टीखाली सुईची खूण दिसली, तर लोभ आहेच.

मोहिनी