दांड्यावरचं वजन

कर्नी, नेब्रास्का
२२ सप्टेंबर १९८६

चि. नॉर्बीस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे आणि बर्नीसचे टोमॅटो या दोहोंची खुशाली कळव.

आपल्या फिरत्या घराचं, ट्रेलरचं काम एकदाचं उरकलं. छताच्या सांध्यांना सीलंट भरलं, चाकांना ग्रीस दिलं. पुढच्या पलंगाखालची जमीन ओल लागून पावासारखी मऊ झाली होती, ती उपटून नवीन बसवली. तो अवजड पलंगही काढला आणि हलकी खाट टाकली. क्लेमची हत्यारांची पेटी तू वसंतात घेऊन गेलास, त्यामुळे खाटेखाली आता माझ्या गोधड्या सुखाने राहतात. इतकी वर्षं त्या पेटीपायी मला तिथे कधी एक उशीसुद्धा ठेवता आली नव्हती.

मागच्या भिंतीला मी माझ्या दगडांसाठी फडताळ करून घेतलं आहे. अकीक, जास्पर, सगळे खिडकीच्या उजेडात. त्याखाली दगड घासायचं यंत्र आणि दोन नव्या बॅटऱ्या. जनरेटरची घरघर नाही आणि दिव्यांना तोटा नाही. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा आता मी एका हाताने उचलून गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर ठेवते. क्लेमला त्यासाठी जॅक लागायचा आणि वर तो कण्हायचा.

तो देवाघरी गेल्यापासून जो तो मला सांगतो, आयडा, आता विकून टाक. नॉर्बी, हिवाळाभर या घरात बसून बर्फ मोजत राहिले तर मी वसंतापर्यंत टिकणार नाही. वाळवंटात माझी माणसं आहेत आणि दगड आहेत. ८ ऑक्टोबरला निघते. पत्रं आधी वाटेतल्या टुकमकारीच्या टपालात पाठव, नंतर ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला.

बर्नीसला आशीर्वाद. लोभ आहेच, पण पत्र नसलं की तो कळत नाही.

तुझी,
आयडाताई

•

डुलूथ, मिनेसोटा
१ ऑक्टोबर १९८६

ती. आयडाताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी बर्नीसला मोठ्याने वाचून दाखवत होतो. एका हाताने दांडा उचलतेस, इथवर आलो आणि कागद खाली ठेवला. बर्नीस म्हणाली, अहो, बहिणीचं कौतुक करायचं सोडून तोंड काय पाडता?

ताई, तो दांडा जड असायलाच हवा. बाबांची गवताची गाडी आठव. मागे भारे जास्त झाले की ती उलाळ व्हायची, पुढून उचलली जायची आणि घोड्यांना आवरायची नाही. ट्रेलर उलाळ झाला की शेपूट हलवू लागतो, आणि वेग वाढला की ते शेपूटच गाडीला फिरवतं. पुढचा पलंग तू काढलास आणि दगड, यंत्र, बॅटऱ्या सगळं मागे लादलंस. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफच्या पुढचा उतार मला डोळ्यांसमोर दिसतो आणि घास उतरत नाही.

निघण्याआधी धान्याच्या कोठारावरच्या काट्यावर दांडा ठेवून बघ. दगड पुढे आण. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला गाडी चालवू दिली असती तर मीच आलो असतो. तुला हसायचं तर हस, पण हसून झालं की वजन कर.

बर्नीसचा नमस्कार. लोभ असू दे, आणि थोडं ऐकणंही.

तुझा,
नॉर्बर्ट

•

कर्नी
७ ऑक्टोबर १९८६

चि. नॉर्बीस,

अनेक आशीर्वाद. पत्र आज मिळालं आणि उद्या निघायचं आहे. तू लहानपणी झोपाळ्यावरसुद्धा दोर तपासून बसायचास. जन्मभर रेल्वेच्या यार्डात राहिलास, म्हणून तुला जिथे तिथे घसरलेले डबे दिसतात.

क्लेम इतकी वर्षं हा ट्रेलर ओढत होता आणि मी इतकी वर्षं मागे दगड भरत होते. त्याने एकदाही वजनाचं नाव काढलं नाही. काही धोका असता तर बोलला नसता का? निघताना तेवढा ट्रेलरभोवती एक फेरा मारायचा आणि टायरांना लाथ मारून बघायची. तोही तेवढंच करायचा.

वाटेत कॅन्ससमध्ये तळ्याकाठी दोन दिवस राहीन. तू निवांत जेव आणि लोभ वाढव, काळजी नको.

तुझी,
आयडाताई

•

डुलूथ
९ ऑक्टोबर १९८६
(मु. टुकमकारी, टपाल कचेरीत ठेवावे)

ती. आयडाताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र या खेपेला दोन दिवसांतच आलं. लगेच तुझ्या शेजारणीला फोन लावला तर ती म्हणाली, काल गेली, आणि काय ऐटीत गेली. मग तुझा शेवटचा प्रश्न मनात घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि भावोजींची पेटी पहिल्यांदाच तळापर्यंत रिकामी केली. आजवर फक्त वरचा कप्पा उघडायचो, पाने पुसायचो आणि मिटून ठेवायचो; वजन हत्यारांचंच समजत होतो.

हत्यारं वरच्या कप्प्यापुरतीच आहेत. खाली सगळं लोखंड आहे, रुळांच्या जोडपट्ट्या, घडी घातलेल्या कपड्यांसारख्या नीट बसवलेल्या. आणि त्या पट्ट्या मीच दिल्यात. दर वसंतात तुम्ही वाळवंटातून परतून आमच्याकडे आलात की भावोजी मला यार्डात भेटायचे आणि म्हणायचे, नॉर्बर्ट, एखादं भंगार दे रे, उपयोगी पडेल. मी मनात म्हणायचो, काय हा माणसाचा हावरटपणा.

ताई, तू मागे जेवढा दगड चढवलास तेवढं लोखंड ते पुढे ठेवत गेले. धोका होता. ते बोलले नाहीत, एवढंच.

हे पत्र मिळेल तिथेच थांब. पुढे एक मैलही जाऊ नकोस. मी कॅन्ससच्या हायवे पोलिसांनाही फोन केला. त्यांनी विचारलं, बाईंचा गुन्हा काय? मी म्हणालो, ट्रेलरचा दांडा हलका आहे. पलीकडच्या माणसाने माझंच नाव आणि वय लिहून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मी फोन ठेवला.

भाऊ समजून रागाव, पण थांब.

तुझा,
नॉर्बर्ट

•

डुलूथ
१४ ऑक्टोबर १९८६
(मु. क्वार्ट्झसाइट)

ती. आयडाताईस,

सा. न. वि. वि. टुकमकारीहून काही कळलं नाही. तिथलं पत्र न घेताच पुढे गेली असशील तर हे तुला उतार संपल्यावर मिळेल, म्हणजे याचा उपयोग काहीच नाही. तरी लिहितो, कारण नुसतं बसवत नाही. बर्नीसने आज मला टपालपेटीपाशी खुर्चीच नेऊन दिली.

ती पेटी मी तुझ्याकडे मागितलीच नसती तर, हे सारखं मनात येतं. आठवण म्हणून नेली होती गं.

एका ओळीचं कार्ड टाक. रागाचं असलं तरी चालेल.

नॉर्बर्ट

•

टुकमकारी, न्यू मेक्सिको
१५ ऑक्टोबर १९८६

चि. नॉर्बीस,

अनेक आशीर्वाद. मी जिवंत आहे, हे आधी सांगते. दोनदा फोन लावला. तुमच्याकडे कुणी उचलेना. तू टपालपेटीपाशी उभा असणार, आणि बर्नीस तुला हाका मारत असणार.

गावाच्या अलीकडे लहानसा उतार आहे. एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलरने शेपूट हलवलं, अगदी तू लिहिलं होतंस तसं. मी घाबरून ब्रेक दाबला, तो दाबायला नको होता. मग रस्ता कुठे आणि आभाळ कुठे ते कळेना. थांबले तेव्हा गाडीचं तोंड आल्या वाटेकडे होतं, ट्रेलर गवतात होता आणि माझे दगड सगळीकडे. कुणाला काही झालं नाही. मी पायरीवर बसले आणि ठरवलं, नॉर्बी, आता विकायचा. त्या बाकीच्यांचं बरोबर होतं.

बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्या माणसाने गावात आणून सोडलं. काल टपालात तुझं पत्र मिळालं. मी ते तिथेच कचेरीत वाचलं, आणि खिडकीतल्या बाईने मला आत नेऊन पाणी दिलं.

दर वर्षी तो लोखंड घेऊन यायचा तेव्हा मी तोंड वाजवायचे. कशाला हा कचरा आणतोस म्हणून. तो म्हणायचा, असू दे, मावतंय ना. आणि मी खिडकीत नवा दगड मांडला की खुर्ची ओढून बघत बसायचा, कुठे सापडला ते विचारायचा. एक दगड टाकून दे, असं आयुष्यात म्हणाला नाही. मी मात्र तो गेल्यावर पहिलं काम कुठलं केलं, तर ती पेटी काढून गोधड्या ठेवल्या.

ट्रेलर विकणार नाही. तूर्त दगड खाटेखाली, पुढे घातले आहेत आणि दांडा जॅकशिवाय हलत नाही. पण दगड अंधारात राहायचे नाहीत. ते परत खिडकीत जातील, मागेच. तोवर मी इथून हलत नाही, आणि फ्लॅगस्टाफचा तो उतार मी एकटी उतरणार नाही.

तेव्हा बसने ये. हत्यारं तुझ्याकडेच राहू देत, ती त्याची आठवण. लोखंड तेवढं घेऊन ये. हमाल शिव्या देईल, तर दे म्हणावं.

बर्नीसला आशीर्वाद. लोभ आहे तसाच पुढे ठेव, म्हणजे मी सरळ चालेन.

तुझी,
आयडाताई