हात आधी, घोट मागून

नवापूर, ता. १२ जानेवारी १९३७

चि. दावीद यास सोमीबाईचे आशीर्वाद.

रीत म्हणून आशीर्वाद लिहिले, मनात मात्र राग आहे. तुझे दाजी बाजारातून ऐकून आले, की कोरीटला लेकरांना देवी टोचताना तुझ्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता. लाज कशी वाटली नाही? दारूने बाबांचे हात कापू लागले, त्यातच ते गेले, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. आईने मजुरी करून तुला शिकवलं ते यासाठी?

अजून तरी तुझीच,
सोमी

म्हसावद, ता. २० जानेवारी

ती. सोमीबाईस दावीदचा येशूच्या नावे सलाम, वि. वि.

वास येत होता, खरं आहे. पण गेलं वर्षभर देवीची टोचणी धरली की माझा हात कापतो. आधी मी थेंबालाही शिवलो नव्हतो. तरी मागच्या फेरीला कोरीटच्या एका आईने लेकरू ओढून घेतलं: "हाऊ पेयेल शे, याना हात कापी ऱ्हायना." पुढच्या फेरीला एक घोट घेऊन गेलो, तर हात स्थिर! न पिता मी दारुडा, आणि प्यायल्यावर भला माणूस. संताप कुणावर काढू?

बाबाही तीर सोडण्याआधी घोट घ्यायचे, आठव. हात आधी कापायचा, बाई. दारू मागून आली. आपण उलटं धरलं. आता उपदेश नको. एक घोट म्हणजे औषध.

रागातही माया ठेव.
दावीद

नवापूर, ता. २ फेब्रुवारी

चि. दावीदास आशीर्वाद.

औषध म्हणे! बाबांचंही एका घोटाचंच औषध होतं. शेवटी तीरकामठा विकून प्यायले. गावात सणाला सगळेच पितात आणि सकाळी नांगराला जातात. आपल्या घरच्यांनाच थांबता येत नाही. खाण तशी माती. हात बाबांचा आला, तशी तहानही आली असणार.

बाईला काय कळतं, म्हणशील. नाताळापासून माझाही हात कापतो, सुईत दोरा जात नाही. तुला खोटं पाडायला म्हणून परवा मीही एक घोट घेतला. हात थांबला. आणि लगेच दुसरा हवासा झाला, इतका, की मडकं अंगणात आपटलं आणि ओल्या मातीकडे बघत रडले.

बाबांचा राग येतो, तुझा येतो, या तहानेचा सगळ्यांत जास्त येतो. ती नोकरी सोड. कापत्या हाताने पेरता येतं. तुला रागवायला मी पुष्कळ आहे, पण मला आवरायला इथे कुणी नाही. लवकर ये.

वाट बघणारी,
तुझी बाई