खडूच्या फुलीवरचा माणूस

५ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

प्रयोगशाळेच्या बाकावर बसून पेनात शाई भरत होतो, तेवढ्यात हा डोळ्यांचा प्रयोग चालवणाऱ्या मॅडमनी आत बोलावले आणि मी नोकरीला लागलो. नववीत शाळा सुटलेल्याला ही नोकरी मिळाली ती केवळ अक्षरामुळे. तीन आठवड्यांपूर्वी दादाच्या ऑपरेशनचा फॉर्म मी भरला होता. तो पाहून मॅडमनी विचारले होते, की हा छापून आणलात का. दादा म्हणाला, आमच्या बारक्याचा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर त्याला जेवण जात नाही.

दादा माझा थोरला भाऊ. वेताच्या खुर्च्या विणतो. विसाव्या वर्षी त्याची नजर जाऊ लागली, आता उजेड-अंधारही कळत नाही. त्याच्या डोळ्यात मागच्या पडद्यावर नखापेक्षा लहान चकती बसवली आहे. चष्म्यातला कॅमेरा समोरचे टिपतो, कमरेच्या डबीत त्याचे साठ ठिपके होतात आणि चकती ते डोळ्याला पोचवते. चेहरा दिसत नाही, रंग नाही. पण दार कुठे, खिडकी कुठे, समोर माणूस आहे की नाही, एवढे कळते. दादाची चकती पंधरा दिवसांनी सुरू होणार. माझे काम, रुग्ण जे म्हणेल ते शब्दशः लिहायचे. जागा स्वच्छ आहे. मला स्वतंत्र टेबल आणि ड्रॉवरला किल्ली मिळाली.

८ फेब्रुवारी, गुरुवार.

रुग्णांना ‘माणूस’ ओळखायला शिकवतात ते असे: काळ्या पडद्यापुढे पांढरा कोट घालून कोणीतरी उभे राहायचे. मॅडमनी यादी दिली आहे. एक दिवस शिपाई, एक दिवस लिफ्टवाला, मग नर्स, मग झाडूवाल्या मावशी. रोज वेगळी जागा, वेगळी ढब. मेंदूला माणूस शिकवायचा आहे, एकच माणूस नव्हे, असे त्यांनी मला दोनदा बजावले.

पण वेळेवर कोणी येत नाही. आला तर शिपाई उभ्या उभ्या पाठ खाजवतो. म्हणून मीच उभा राहतो. फरशीवर खडूने फुली केली आहे, पाय बरोबर तिच्यावर, वही छातीशी. रकान्यात मात्र यादीतलेच नाव लिहितो. नाहीतर खाडाखोड करावी लागेल आणि पान घाण दिसेल. मॅडम काचेपलीकडे संगणकात डोके घालून असतात.

दोनच रुग्णांच्या चकत्या सध्या सुरू आहेत, शिंपीकाका आणि बेकरीवाले. काका थट्टेखोर. म्हणाले, लिफ्टवाला न् मावशी एकाच मापाचे कसे रे? दोघांचाही डावा खांदा पाऊण इंच उतरलेला. एकाच कोटात भागेल, कापड वाचलं. माझा खांदा लहानपणी मोडला होता, तेव्हापासून उतरलेला आहे. हे वाक्य मी वहीत लिहिले नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार.

दादाची चकती सुरू झाली. मी फुलीवर उभा होतो. दादाने मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवली, मग माझ्यावर थांबला. म्हणाला, हा बारक्याच, खांदा बघ की. अकरा वर्षांनी. मॅडमही रडल्या; भावासाठी म्हणून आजच्यापुरता मी उभा आहे, असे त्यांना वाटले. रकान्यात मी यादीप्रमाणे ‘शिपाई’ लिहिले.

२६ फेब्रुवारी, सोमवार.

शिंपीकाका आल्या आल्या माझ्यावर घसरले. काल सकाळी घरी येऊन उंबऱ्यात उभा राहिलास, बस म्हटलं तर बसला नाहीस, चहा निवला, काकू मलाच वेड्यात काढते. मी सांगितले, की काल मी दिवसभर दादाबरोबर होतो. काका हसले. मग म्हणाले, अरे, मी तुझं माप घेतलंय.

बेकरीवाल्यांनाही मी भट्टीशेजारी दिसतो म्हणे. दोघांचे बोलणे लिहिले. तारखा तपासल्या. वेळ एकच, सकाळी सव्वासात.

१ मार्च, शुक्रवार.

बेकरीवाल्यांनी भट्टीतले लांब फावडे माझ्यावर हाणले. म्हणजे मी जिथे दिसत होतो तिथे. मागे त्यांचा कारागीर होता. जबडा तुटून लोंबत होता, दात पिठाच्या परातीत पडले. बेकरीवाले म्हणतात, तो आधी कारागिराच्या मानेवर हात ठेवून उभा होता, मी वाचवायला गेलो.

मॅडमनी वही मागितली. यादीची नावे पाहून म्हणाल्या, की शिकवणी तर नीट झालेली दिसते. मी मान डोलावली. दादाचे नाव प्रयोगातून काढतील, एवढेच डोक्यात होते.

६ मार्च, बुधवार.

शिंपीकाकांनी काकूंना मारले. काकू खिडकीपाशी कांदा चिरत होत्या. काका म्हणतात, तो तिच्या पाठीला चिकटून उभा होता. कापड बेतायच्या मोठ्या कात्रीने काकांनी नऊ वार केले. पोलीस आले तेव्हा ते काकूंचा हात धरून बसले होते आणि सांगत होते, घाबरू नकोस, गेला तो, गेला. रक्त शिवणयंत्राच्या पायडलपर्यंत होते.

मॅडमनी काकांच्या डबीतली नोंद मला दाखवली. कॅमेऱ्याच्या चित्रात काकू एकट्या. चकतीला गेलेल्या ठिपक्यांत दोघे. दुसऱ्याचा डावा खांदा उतरलेला.

मॅडम बराच वेळ माझ्या खांद्याकडे बघत राहिल्या.

८ मार्च, शुक्रवार.

सगळ्या चकत्या बंद केल्या. चष्मे कपाटात, किल्ली मॅडमकडे.

दुपारी बेकरीवाल्यांचा फोन आला. चष्मा नाही तरी तो दिसतोय. मिटल्या डोळ्यांनीही. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा आला. त्यांनी चमच्याच्या दांड्याने डोळा उकरून काढला. चकती मुठीत होती. दुसरा डोळा — ती पुढे बोलू शकली नाही.

दादाला विचारले. म्हणाला, दिसतोस की. मी त्याच्या मागे उभा होतो. तो समोर बघत होता.

११ मार्च, सोमवार.

मॅडम गेल्या. सकाळी साडेआठला सापडल्या. मान पाठीकडे वळवलेली. बरोबर फुलीवर झोपवलेल्या, पाय जुळवून.

माझी चौकशी झाली. सव्वासातला मी दादाला दूध आणायला गेलो होतो, दूधवाल्याने साक्ष दिली. म्हणून सोडले. पण प्रयोगशाळेच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या वहीत माझी सही आहे, आत ७.१५. मी ती पाहिली. अक्षर माझेच. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर.

तो लिहितो.

१२ मार्च. सकाळ.

दादा खुर्ची विणायचा थांबला. म्हणाला, तुम्ही दोघं आहात. एक मोरीपाशी, एक दारात. मी म्हटले, मी मोरीपाशी. दारातूनही तसेच ऐकू आले म्हणतो. माझ्याच आवाजात.

मला ऐकू आले नाही.

त्याने हातोडी घेतली आहे. घरात दुसरी जड वस्तू नाही, मी सगळ्या लपवल्या होत्या. ही विसरलो.

दुपारी १ वाजून २० मिनिटे.

दाराबाहेर पडता येत नाही. हललो की त्याला कोण कुठला ते कळेनासे होते. एकदा हललो. डाव्या हाताची तीन बोटे गेली, करंगळी नुसती कातडीला आहे. नंतर दादा ओरडून रडला, लागलं का रे बारक्या. आणि पुन्हा हातोडी उचलली.

मी त्याला सांगितले, लिहिणारा तो मी. निबेची खरखर ऐक. जिकडे खरखर तिकडे मारू नकोस. तो हो म्हणाला. कान देऊन उभा आहे. म्हणून थांबता येत नाही. पहारेकऱ्याच्या वहीचे त्याला सांगितलेले नाही.

काय लिहू — काहीही — हिशोब लिहितो.

खर्च. औषधे ३४०. रिक्षा, दवाखान्याची, ९०. शाईची बाटली ४५. वेत २१०, दादाचा. दूध ५६.

पानावर रक्त सांडले. खाडाखोड झाली. होऊ दे.

येणे. पगार, मार्चच्या बारा दिवसांचा, मॅडमकडून — नाही.

देणे. दूधवाला ११२. शिंपीकाका ३०, कोटाच्या बटणाचे, नको म्हणाले होते. काकू —

दादाने मान वळवली. दाराकडे. मग माझ्याकडे. पुन्हा दाराकडे.

मलाही येतेय आता ऐकू. निबेची खरखर — मी थांबलो तरी —

थांबायचे नाही. देणे. दादाला — एक खरे सांगायचे होते. ते त्याला माहीत नसेल, दारातल्याला — दादा, ऐक, यादीतले कोणीच नव्हते, शिपाई नव्हता, रोज फुलीवर मीच उभा

तोही तेच बोल