बादलीतला तपकिरी फेस

स्वराली,

बादलीत आंबायला ठेवलेली बिअर सिंकमध्ये ओतू नकोस. मी डोळ्यांच्या क्लिनिकला गेलोय, चारपर्यंत येतो. वर आलेला तपकिरी फेस म्हणजे यीस्ट नीट काम करतंय. बुडबुडे मंदावलेत ते थंडीमुळे, म्हणून बादलीला माझी शाल गुंडाळलीय. पारदर्शक झाकण न उघडता त्यावरच्या नळीशी वास घे. पावासारखा आला तर ठीक. व्हिनेगरसारखा आला किंवा वर बुरशी दिसली, तरच बिघडली समज.

तुझ्या आजीची पहिली बिअर मी असाच फेस बघून ओतून दिली होती. हॉस्पिटलमधल्या वॉर्डवरची ड्यूटी संपवून आल्यावर रिकामी बादली बघून ती एवढंच म्हणाली, "अहो, विचारायचं तरी." पुढे तिने तीस वर्षं उत्तम बिअर केली. त्या पहिलीची चव मात्र तिला कधीच कळली नाही.

आजोबा